किडनी जनजागृतीसाठी लोगो निवडायचाय, चारात अडकलोय

भिरभिरे:
नमस्कार मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईतच हवीये. आम्ही आठ-दहा जण मिळून किडनीच्या आजारांबद्दल जनजागृती करतोय, मार्चमधल्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो (२००६ पासून पाळतात) तो मुहूर्त धरलाय. पत्रकं, बीपी आणि लघवीची तपासणी, ऑफिसांमध्ये अर्ध्या तासाचं बोलणं, असं सगळं ठरलंय आणि गाडी येऊन अडलीये लोगोवर. ग्रुपवर ११ दिवस झाले हाच विषय चाललाय, दोघं तर एकमेकांशी बोलत नाहीयेत.

फोटो चढत नाहीयेत म्हणून शब्दांत सांगतो.

अ) दोन लालसर किडन्या शेजारी शेजारी, नळ्या वर जाऊन एकत्र मिळतात, आणि मध्ये लाल क्रॉस.
ब) एकच हिरवी किडनी, दोन हातांच्या ओंजळीत.
क) निळा पाण्याचा थेंब आणि थेंबाच्या पोटात किडनी.
ड) डोळे-तोंड असलेली हसरी किडनी, अंगठा वर केलेला. मुलांना आवडेल म्हणून.

खाली नाव 'मूत्रपिंड आरोग्य जागृती अभियान' आणि त्याच्याखाली 'निरोगी मूत्रपिंड, निरोगी जीवन'. ग्रुपवर पोल घेतला तर क ला सगळ्यात जास्त मतं पडली, त्याच्या मागे ब. मलाही क च आवडतो पण काहीतरी खटकतंय आणि काय ते नेमकं सांगता येत नाही. तुम्ही कोणता घेतला असता?

उगाचच:
चारही वर्णनं वाचली, चारही वेळा डोळ्यासमोर काजू आला. सॉरी.

भिरभिरे:
हा विनोद आमच्याकडे पहिल्याच दिवशी होऊन गेलाय, पुढे बोला.

शाईचाडाग:
मी छपाई आणि डिझाइनच्या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, काजूचा विनोद हसण्यावारी नेऊ नका, तोच तुमचा खरा प्रॉब्लेम आहे. हृदय काढलं की कुणालाही कळतं, किडनीचं तसं नाही, तिचा आकार साधा आहे आणि त्या आकाराच्या दुसऱ्या वस्तू लोकांनी किडनीपेक्षा शंभरपट जास्त वेळा बघितल्यात. काजू, राजमा, कान, बॉक्सिंगचा हातमोजा. एकटी किडनी काढली की ओळखण्याचं सगळं ओझं नावावर येतं, आणि तुमचं नाव तर वाचताच येणार नाहीये, त्यावर खाली येतो.

अ मधला लाल क्रॉस आजच्या आज काढा. ते रेड क्रॉसचं चिन्ह आहे, जिनिव्हा करारांनी त्याला संरक्षण दिलेलं आहे, युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांवर हल्ला होऊ नये म्हणून ते राखीव ठेवलंय. दवाखाना, औषध, तब्येत असं काहीही दिसलं की लोक सर्रास टाकतात पण ते कुणीही वापरायचं चिन्ह नाही. अधिकचं चिन्ह हवंच असेल तर दुसऱ्या रंगात घ्या, पण माझं मत विचाराल तर त्याची गरजच नाही. आणि अ मध्ये नळ्या वर जाऊन मिळतायत म्हणालात ना? ती फुफ्फुसं झाली हो. किडनीतून लघवीची नळी खाली जाते.

ड बद्दल एकच ओळ, आजाराच्या पत्रकावर हसरं कार्टून कधी कधी चालून जातं पण अंगठा वर करणारा अवयव मला तरी बघवत नाही.

आता नाव. 'मूत्रपिंड' हा शब्द बारीक करून बघा एकदा. म च्या खाली दीर्घ ऊकार, मग त्र ची तिरकी रेघ, मग पहिली वेलांटी आणि डोक्यावर अनुस्वार, वर-खाली दोन्हीकडे गर्दी. कोपऱ्यात नखाएवढा छापला की ऊकाराचं पोट भरतं, टिंब शिरोरेषेला चिकटतं आणि उरतो एक काळा पट्टा. 'किडनी' मध्ये फक्त वरच्या बाजूला दोन वेलांट्या, खाली काही नाही, अर्ध्या साइजलाही वाचता येतं. बोलताना तरी मूत्रपिंड कोण म्हणतं, तुम्ही स्वतः धाग्याच्या नावात किडनीच लिहिलंय.

शेवटचं म्हणजे पोल. 'कोणता आवडला' विचारलं की सगळ्यात गोड चित्र जिंकतं. नाव झाका, पाच सेकंद दाखवा, उलटं ठेवा आणि विचारा 'हे कशाचं चित्र होतं, कशाबद्दल असेल?' आणि हे तुमच्या ग्रुपमधल्या कुणाला विचारू नका, त्यांना उत्तर माहितीये.

पानगळ:
शाईचाडाग, बाकी सगळं पटलं पण लोगोत अवयव ओळखू आलाच पाहिजे हे कुठून आलं? एड्सची लाल रिबन बघा, १९९१ ची आहे, त्यात विषाणू नाही की रक्त नाही. मधुमेहाचं निळं वर्तुळ २००६ चं, त्यात स्वादुपिंड कुठे आहे? साधा आकार, एक रंग, बास. किडनीचं चित्रच नको असं माझं म्हणणं.

शाईचाडाग:
मुद्दा बरोबर आहे, पण त्या रिबनला अर्थ आला तो वर्षानुवर्षं जगभर छातीवर लावून लावून. पहिल्याच दिवशी ती म्हणजे फितीचा तुकडा होता आणि सोबत सांगणारी माणसं होती. यांच्याकडे आठ-दहा माणसं आणि एक महिना. कोरं वर्तुळ दिलं तर कोरंच राहील.

पानगळ:
हो, तेही खरं. पण मग हिरवा नको एवढं तरी ऐका. हिरवी रिबन अवयवदानाच्या मोहिमांमध्ये वापरतात, आणि ब मध्ये हिरवी किडनी हातात धरून पुढे केलीये. बघणारा म्हणणार किडनी द्या म्हणतायत. किंवा घ्या.

शिफ्टड्यूटी:
मी डायलिसिस टेक्निशियन आहे. डिझाइनमधलं मला काही कळत नाही पण क बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून रात्रपाळी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला.

तो थेंब. मला माहितीये तो का सुचला, किडनी म्हटलं की सगळे पाणी प्या पाणी प्या करतात. मुतखडा होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात ते ठीकच आहे, पण आमच्याकडे जे येऊन पोचतात त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ कारण पाणी कमी प्यायलो हे नसतं हो, वर्षानुवर्षं न सांभाळलेली शुगर आणि बीपी हे असतं, शिवाय मनानेच रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. आणि ज्यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा साधारण चार-चार तास, त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, कारण लघवी जवळजवळ होत नाही आणि प्यायलेलं सगळं अंगात साठतं, दम लागतो, पाय सुजतात. कोपऱ्यातल्या एक आजी आहेत, त्या घोटभर पाण्याने नुसतं तोंड ओलं करतात. त्यांच्यासमोरच्या भिंतीवर किडनीच्या नावाने एवढा मोठा निळा थेंब लावायचा? तुम्हाला जे खटकतंय ते हेच असेल बहुतेक.

तुमची खालची ओळ पण बघा. 'निरोगी मूत्रपिंड, निरोगी जीवन' वाचून माणूस मान हलवतो आणि पुढे जातो, करायचं काय ते कुठेच नाही. किडनी फार सोशिक असते. एका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या, दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या घरात गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात, बाकी सगळं परत रक्तात. यातल्या बऱ्याचशा गाळण्या बाद झाल्या तरी माणसाला काही जाणवत नाही, अर्ध्याच्या आसपास काम जाईपर्यंत क्रिएटिनिनचा (रक्तातला कचरा, जो किडनी बाहेर टाकते) आकडासुद्धा नॉर्मलमध्ये दिसू शकतो. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) पण बघायचं, ते पुष्कळदा आधी सापडतं, आणि क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढायचा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर तो जुनाट आजार धरतात, १५ च्या खाली गेला की आमची ओळख होते. मग तुमच्या ओळीत 'तपासा' हा शब्द का नाही? शुगर, बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवी आणि क्रिएटिनिन, एवढंच सांगा की.

भिरभिरे:
ताई, खरं सांगतो, हे वाचून ग्रुपवर टाकलं आणि पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. थेंब गेला.

क्लिकक्लिक:
एवढा काथ्याकूट कशाला करताय, एआयला सांगा 'किडनी, आरोग्य, मॉडर्न लोगो', दोन मिनिटांत वीस काढून देईल.

शाईचाडाग:
कल्पना बघायला जरूर काढा, मीही काढतो. पण एकतर त्यातल्या बऱ्याचशा बघितल्यासारख्या वाटतात, थेंब-ओंजळ-हृदय असंच फिरून फिरून येतं. दुसरं म्हणजे देवनागरी अजूनही मध्येच गंडते, वेलांटी भलतीकडे लटकते. तिसरं, मिळतं ते बहुधा ठिपक्यांचं चित्र, मोठ्या बॅनरला ताणलं की फुटतं. छापणाऱ्याला व्हेक्टर फाइल लागते. फुकट आयकॉनच्या साइटवरून उचलणार असाल तर तिथली अट वाचा, पत्रकात वापरायला चालतं पण लोगो म्हणून नाही असं बऱ्याच ठिकाणी असतं.

नवाडाव:
उशिरा आलोय, पण मी म्हणजे ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यातला एक. डायलिसिस केलं, मग ट्रान्सप्लांट झालं. एक मजा सांगतो, नवी किडनी खाली ओटीपोटात बसवतात आणि जुन्या दोन सहसा काढत नाहीत, तिथेच राहतात. म्हणजे माझ्या पोटात तीन आहेत. आणि जिने दिली त्या माझ्या बहिणीकडे एक, ती अगदी ठणठणीत. त्यामुळे लोगोत एक काढली काय नि दोन काढल्या काय, आमच्या घरात भांडण नाही.

एकच मागणं आहे. रडकी किडनी, तडा गेलेली किडनी, बँडेज बांधलेली किडनी असलं काही काढू नका. शिफ्टड्यूटी ताईंनी थेंबाचं सांगितलं तसंच हे, मशीनवर पडलेला माणूस समोरचं पोस्टर चार तास बघत असतो, दुसरं काही बघायलाच नसतं. मी एका पोस्टरवरचे फुटक्या किडनीचे तुकडे मोजलेत, ७ होते. घाबरवलं की लोक तपासायला जातात असं वाटतं पण मी स्वतः घाबरूनच दोन वर्षं तपासलं नव्हतं.

भिरभिरे:
नवाडाव, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तडा गेलेली किडनी हा पर्याय इ होता, लाज वाटली म्हणून टाकला नव्हता.

उगाचच:
परत मीच. रात्री वहीवर उगाच गिरगटत होतो आणि एक गोष्ट दिसली ती सांगतो, हसायचं असेल तर हसा. किडनीचा क काढा. मध्ये उभा दांडा, डावीकडे गोल पोट, उजवीकडे वळलेलं पोट. मणका आणि दोन बाजूंना दोन किडन्या. मला चित्र काढता येत नाही पण क येतो.

पानगळ:
अरे??

शिफ्टड्यूटी:
अय्या, हे खरंच आहे. आणि किडनीची आतल्या अंगाची खोबण, जिथून रक्तवाहिन्या आणि नळी जातात, ती मणक्याच्या बाजूलाच असते, म्हणजे दांड्याकडे. बरेच जण ती बाहेरच्या बाजूला काढतात, पाठ मणक्याला आणि पोट बाहेर, ते बघून मला नेहमी चुळबुळ होते. अजून एक, उजवी किडनी डावीपेक्षा किंचित खाली असते कारण तिच्या वर यकृत. समोर उभ्या माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, तेव्हा क चं डावं पोट केसभर खाली घ्या.

शाईचाडाग:
मी हसणार होतो पण गप्पपणे कागद घेऊन बसलो आणि तासभर तेच करतोय. उगाचच, नाव बदला स्वतःचं.

पण सांभाळून. अक्षराचं चित्र करण्यात नेहमी एकच धोका असतो, चित्राच्या नादात अक्षर मरतं. पूर्ण 'किडनी' शब्द लिहून त्यातल्या क च्या जागी दोन काजू बसवले तर लोक 'डनी' वाचतील. म्हणून क एकटाच ठेवा, वर शिरोरेषा असलीच पाहिजे, तिच्यामुळेच ते अक्षर वाटतं, आणि शब्द खाली वेगळा, साध्या ठळक फॉन्टमध्ये पूर्ण लिहा. मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मोकळ्या परवान्याचे आहेत, उद्या कुणी नोटीस पाठवणार नाही. उजवं पोट पूर्ण बंद करू नका, क ची शेपटी खाली वळते ती ठेवा, तीच नळी झाली. डाव्या पोटातलं भोक मात्र भरायचं, आतून नुसती खोबण ठेवायची. 'केसभर खाली' करा पण खरंच केसभर, जास्त केलं तर अक्षर लंगडं दिसेल.

रंग एकच. किडनी मुळात तांबूस तपकिरी असते, त्याच घरातला विटकरी किंवा गडद नारिंगी घ्या, पिवळा नको, का ते सांगायला नको. लाल-हिरवी जोडी पण नको, तो फरक न दिसणारी माणसं, त्यात पुरुष जास्त, आपल्या आजूबाजूला असतातच. स्क्रीनवर दिसणारा झगमगीत नारिंगी कागदावर मळका येतो तेव्हा आधी एक प्रत छापून बघा. मग काळ्या एका रंगात शिक्क्यासारखा उमटवून बघा, डीपीच्या गोलात बसवून बघा, ब्राउजरच्या टॅबवर १६ बाय १६ ठिपक्यांत बघा. यातलं कुठे क मोडला तर रेघ जाड करा.

पानगळ:
मी हरलो आणि मजा आली. रिबनवाल्यांनाही इतकं स्वस्तात सुचलं नसेल.

भिरभिरे:
चार दिवसांनी येतोय. शाईचाडाग दादांनी सांगितलं तसं केलं, नावं झाकून जुने चार आणि नवा एक असे पाच कागद घेतले, ग्रुपशी काही संबंध नसलेल्या १४ जणांना पाच-पाच सेकंद दाखवले. प्रत्येकाला कागदांचा क्रम बदलून दाखवला कारण पहिल्या किडनीनंतर माणूस सगळीकडे किडनीच बघायला लागतो, हे आम्हाला तिसऱ्या माणसानंतर कळलं.

आमचा लाडका थेंब: 'पाणी वाचवा', 'पाण्याच्या फिल्टरची जाहिरात', दोघांनी रक्तदान. किडनी फक्त एकाने म्हटलं आणि तो लॅबमध्ये काम करतो. ओंजळ: जवळजवळ सगळे अवयवदान, पानगळ जिंकले. नळ्यावाला: फुफ्फुसं, दमा, सिगारेट सोडा. हसरा: काजू, काजू, 'हा कान आहे का?', काजू.

नवा: ९ जणांनी सरळ 'क' म्हटलं, दोघांनी 'क आहे पण काहीतरी शरीराचं पण आहे', एकीने थेट किडनी ओळखली, दोघांना काहीच कळलं नाही. मी जरा खट्टू झालो, म्हटलं हाही ओळखू येत नाही. पण मग खालचं नाव उघडलं आणि जे झालं ते बाकी चारात झालं नव्हतं, 'किडनी' वाचल्यावर लोक परत वर बघतात, 'अच्छा!' म्हणतात आणि बोटाने दोन्ही पोटं दाखवतात. एका काकांनी तर शेजारच्याला बोलावून समजावलं. दोन दिवसांनी त्यातल्या सहा जणांना विचारलं, कोणता लक्षात आहे, तर पाच जणांनी हवेत बोटाने क काढला.

नाव आता 'किडनी तपासा'. बास, दोनच शब्द, अभियान-जागृती सगळं उडवलं. त्याखाली लहान अक्षरात 'शुगर किंवा बीपी आहे? वर्षातून एकदा लघवी आणि क्रिएटिनिन.' न बोलणारे दोघं आता बोलतायत, पण आता वाद असा आहे की उद्गारचिन्ह द्यायचं की नाही.

नवाडाव:
देऊ नका. ओरडल्यासारखं वाटतं. आणि टोप्या किंवा पिशव्या करणार असाल तर मला एक ठेवा, बहिणीला द्यायचीये.

शाईचाडाग:
टोपीवर भरतकाम करणार असाल तर खोबण अजून रुंद करा, दोऱ्यात ती बुजते. फाइल पाठवा, मी करून देतो.

शिफ्टड्यूटी:
छान झालंय. ती लहान अक्षरातली ओळ मात्र एवढी लहान नको, ज्यांनी वाचायची त्यांचे डोळे शुगरने आधीच थकलेले असतात, डबल करा. आणि तुम्ही मला पत्रकाचं प्रूफ पाठवलंत त्यात एका ठिकाणी 'क्रिएटिनिन' आणि एका ठिकाणी 'क्रियाटीनीन' आहे, छापायच्या आधी एक करा.